अकरा चिंचोके

माझ्या दुकानात काउंटरखाली एक लांबट वही असते, शेड्यूल एच-वनची. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, काही ठरावीक अँटिबायोटिक्स विकली की त्यात लिहावं लागतं. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध कुठलं, किती दिलं. २०१४ पासूनचा नियम आहे. वही तीन वर्षं जपून ठेवायची. औषध निरीक्षक आले की आधी हीच मागतात.

या वहीला भिणारी माणसं मी रोज बघते. "मॅडम, नाव लिहायलाच पायजे का?" "आडनाव नका घालू." एकांनी तर चिठ्ठीवरचं नाव अंगठ्याखाली दाबूनच चिठ्ठी पुढं केली होती. दुकान घातल्यापासून काळी पिशवी माझ्याकडं तीनच गोष्टींसाठी मागितली गेलीय: पॅड, निरोध आणि मनाच्या गोळ्या. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून मी वर्तमानपत्रात गुंडाळून देते. मनाच्या गोळ्यावाले म्हणतात, दोन पानं लावा.

त्यात आमच्या महाराजांच्या, जप-नेमाच्या मंडळाचं माणूस आलं की मला लगेच कळतं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळतं. कारण मी त्यांच्यातलीच. म्हणजे होते. मग "शेजाऱ्यांसाठी नेतोय" असं काहीतरी पुटपुटत ते पैसे मोजतात आणि सुटे परत घ्यायचंही विसरून जातात.

(हे माझ्या भावाच्या, दादाच्या, मनाच्या आजाराबद्दल आहे, आणि सगळं त्याला विचारून लिहितेय. काउंटरवरच्या माणसांचे तपशील मी मुद्दाम सरमिसळ केलेत, ओळखायच्या फंदात पडू नका.)

मंडळाचं नाव सांगणार नाही. तासगाव भागात राहिलेल्याला वाटेल की आपण ओळखलं, पण त्याचा अंदाज बहुतेक चुकेल. असं मंडळ दर चार गावांआड एक असतं.

आमच्या घरात देवापेक्षा नेम मोठा होता. पहाटे साडेचारला उठायचं, अंघोळीआधी पाण्याचा थेंब नाही. कांदा-लसूण नाही. बाहेरचं खाणं नाही, अगदी लग्नातलंसुद्धा. आई फडक्यात दशम्या बांधून घ्यायची आणि आम्ही भावंडं मांडवामागं बसून त्या खायचो. तिकडं जिलबीची ताटं फिरत असायची. टीव्ही नाही. दर गुरुवारी संध्याकाळी मंडळ, तिथं न चुकता हजर. बायकांचे चार दिवस पडवीत, ताट वेगळं, अंथरूण वेगळं. आणि रोज अकरा माळा जप, एकाग्र मनानं. पडवीतल्या ताटाचा मला लहानपणापासून राग होता. शेवटच्या त्या दोन शब्दांकडं मात्र माझं कधी लक्ष गेलं नाही. ते पुढं फार महागात पडले.

पण दुसरी बाजू आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला भलत्याच खात्यात टाकाल.

२००९ ला वडलांना लकवा मारला, डावी बाजू गेली. त्या दिवसापासून चाळीस दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही, कारण पेटवायची गरजच पडली नाही. दोन्ही वेळचे डबे मंडळातून यायचे. रात्री दवाखान्यात झोपायला दोघं-दोघं पाळीनं यायचे, त्यांची यादी मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेली असायची. बागेतल्या फवारण्या गुरुबंधूंनी केल्या. डिझेलचेसुद्धा पैसे कोणी घेतले नाहीत. माझं सासर स्वतःला पुरोगामी म्हणवतं. तिथं सासूबाई पाय घसरून पडल्या, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर बत्तीस 'गेट वेल सून' आले, डबा एकही नाही.

म्हणून कडक धार्मिक माणसं मनानं आजारीच असतात असं कोणी म्हणालं की मला फळ्यावरची ती खडूची यादी आठवते. आणि श्रद्धा असली की डिप्रेशन येत नाही असं कोणी म्हणालं की चिंचोके आठवतात.

२०१९ ची दिवाळी द्राक्षवाले विसरणार नाहीत. फळछाटणी झालेली, बागा फुलोऱ्यात, आणि ऑक्टोबरच्या शेवटाला पाऊस थांबायचं नाव घेईना. डाऊनी आली, द्राक्षावरची बुरशी. दादा फवारणीचा ब्लोअर घेऊन दिवसरात्र बागेत. सलग दोन दिवस त्याला अंघोळ करून बसायलाही वेळ झाला नाही, म्हणजे नेम चुकला. बाग काही वाचली नाही. घड कुजले, गळले, आणि सोसायटीचं कर्ज तसंच डोक्यावर राहिलं.

पुढच्या गुरुवारी मंडळात कोणीतरी म्हणालं, "नेम चुकला की असं हुतं."

म्हणणारा माणूस वाईट नव्हता. दूध उतू गेलं की "गॅस मोठा ठेवला असशील" म्हणतो, तितक्याच सहज तो म्हणाला होता. त्याचीही बाग गेली होती. त्याचा कुठला नेम चुकला होता, हे त्याला कोणी विचारलं नाही. दादाच्या मनात मात्र ते वाक्य रुतलं. प्रायश्चित्त म्हणून त्यानं अकराच्या एकवीस माळा केल्या, त्याही रात्री, सगळे झोपल्यावर.

संक्रांतीला मी माहेरी गेले होते. रात्री कशानं तरी जाग आली. देवघरातून आवाज येत होता, टण्, मग बराच वेळ काही नाही, मग परत टण्. उठून बघितलं तर दादा समईच्या उजेडात बसलेला, हात गोमुखीत, समोर स्टीलची वाटी. आमच्याकडं माळा मोजायला चिंचोके ठेवतात. एक माळ झाली की वाटीतला एक चिंचोका काढून पाटावर ठेवायचा. अकरा वाटीतून पाटावर आले की नेम झाला. एकवीस करायच्या तर तेच परत फिरवायचे.

पाटावर चार चिंचोके होते. माळ थांबली. दादानं डोळे उघडले, ते चारही उचलले आणि एकेक करून परत वाटीत टाकले. टण्, टण्, टण्, टण्.

"काय झालं रे?"

"मन हललं."

एवढंच बोलला आणि परत पहिल्यापासून सुरू. घड्याळात पावणेतीन वाजले होते. दहाला बसला होता.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं सांगितलं ते असं. माळेत मन भरकटलं तर ती माळ बाद. माळ बाद झाली तर आधीच्याही बाद, कारण त्या वेळी मन खरंच जागेवर होतं का, याचीच त्याला खात्री वाटायची नाही. मन हलायला काय लागतं? कर्जाचा आकडा, कुत्र्याचं भुंकणं, कधीकधी एखादा घाणेरडा शब्द, नेमका देवाच्या नावाला चिकटून येणारा. तो शब्द आला की हा रडायचा. मधल्या बोटाची कातडी सोलून निघाली होती. सव्वा महिन्यात नऊ किलो वजन उतरलं होतं. बागेकडं तो फिरकायचा बंद झाला होता. वहिनी म्हणाली, एकदा तो तिला म्हणाला, "माझ्यामुळं पाऊस पडला."

आमच्याकडं कीटकनाशकालाही औषधच म्हणतात आणि मी विकते त्यालाही औषधच. "त्यानं औषध घेतलं" याचे दोन अर्थ होतात, आणि कुठला घ्यायचा ते सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. बागेतल्या औषधाच्या खोलीची किल्ली वहिनीनं महिनाभरापासून आपल्या परकराच्या नाडीला बांधून ठेवली होती. कोणी सांगितलं नव्हतं तिला. मी तिच्याकडं बघत राहिले. डी.फार्म. झालेली मी, पण पहिला खरा उपचार तिनं केला होता.

मंडळात काय म्हणायचे? एक म्हणाला, नेम वाढव. एक म्हणाला, गोळ्या खाऊन कुठं मन शुद्ध होतं का. एका काकांनी तर अगदी प्रेमानं समजावलं की महाराज परीक्षा बघतायत, परीक्षेत रडायचं नसतं. सगळ्यांचा जीव होता त्याच्यावर. वडलांच्या वेळी डबे आणणारीच माणसं ही. पण लकवा त्यांना दिसत होता, त्याला फळ्यावरची यादी होती. दादाचं दुखणं दिसत नव्हतं, आणि त्याला त्यांच्याकडं एकच शब्द होता: कमी. श्रद्धा कमी, नेम कमी, सेवा कमी. कमी पडलेल्याला डबा कोण पाठवणार?

घरातसुद्धा पहिले दोन महिने "पित्त वाढलंय" असंच चाललं होतं. मिरजेला नेलं तेही पोटाच्या डॉक्टरांकडं. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल आले, आणि मग त्यांनीच मानसोपचाराची चिठ्ठी दिली. त्यांचे उपकार मानते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं होतं २०१५-१६ ला. त्यात नैराश्य असलेल्या दर १०० जणांपैकी साधारण ८५ जणांना काहीच उपचार मिळत नसल्याचं निघालं. माझ्या काउंटरवर दोन पानं लावून घेऊन जाणारे म्हणजे उरलेले पंधरा. नशीबवान.

मानसोपचाराच्या डॉक्टर वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी दादाचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंत्रचळ शब्द ऐकलाय का?"

मी चपापले. हा शब्द आम्ही आयुष्यभर वापरतो, सतत हात धुणाऱ्या, कडी-कुलूप दहा वेळा बघणाऱ्या माणसाला. ओसीडी हे त्याचं आजचं नाव. पण शब्द फोडून बघा. मंत्राच्या साधनेत चूक झाली की लागणारं वेड, असा त्याचा जुना अर्थ. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी हे बघितलेलं होतं. जपाला बसलेला माणूस "चुकलं, चुकलं" करत त्याच दाण्याभोवती फिरत राहतो, हे त्यांना इतकं ओळखीचं होतं की त्यांनी त्याला नाव देऊन ठेवलं. गंमत म्हणजे कारण त्यांनी उलटं लावलं होतं. चुकीमुळं वेड लागत नाही. वेडामुळं चूक दिसत राहते.

इंग्रजीत धर्माच्या बाबतीतल्या या आजाराला स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात. लॅटिनमधल्या टोकदार बारीक खड्याच्या शब्दावरून आलाय. चपलेत खडा गेला की कसं होतं, तसं. आणि हे आपल्याच भागात, आपल्याच धर्मात असतं असंही नाही. जेझुइट हा ख्रिस्ती धर्मगुरूंचा संघ काढणारे इग्नेशियस लोयोला, म्हणजे जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियरचे सोबती. १५२२ च्या सुमाराला स्पेनमध्ये मान्रेसाला असताना त्यांची अशीच गत झाली होती. जुनी पापं पुन्हा पुन्हा आठवायची, कबुली दिली तरी ती पुरी झाली नाही असं वाटायचं, परत कबुली. जीव द्यावा इथपर्यंत मन गेलं होतं. त्यांच्या कन्फेसरनं, म्हणजे कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूनं, त्यांना सांगितलं होतं की अगदी स्पष्ट असेल ते सोडून मागची पापं परत सांगायची नाहीत. मला हे वाचून फार बरं वाटलं. संत झालेल्या माणसालाही हे झालं, म्हणजे श्रद्धा कमी असण्याशी याचा काही संबंध नाही. उलट ज्याला देवाचं काहीच पडलेलं नाही, त्याला माळ बाद झाल्याचं दुःख कशाला होईल?

डॉक्टरांनी गोळी लिहिली. डिप्रेशनला चार-सहा आठवड्यांत फरक दिसतो, मंत्रचळाला त्याहून वेळ लागतो आणि डोसही जास्त लागतो, हे मला माहीत होतं. दुकानात बसून शंभर जणांना मी हेच सांगते. घरच्या माणसासाठी एकेक दिवस मोजायचा असतो तेव्हा मात्र ते सहा आठवडे संपता संपत नाहीत. गोळीबरोबर त्यांनी अजून एक काम सांगितलं, "ज्याचा शब्द हे मोडणार नाहीत असं कोणी आहे का मंडळात?"

होते. आण्णा. निवृत्त प्राथमिक शिक्षक, मंडळात सगळ्यांत जुने, कानानं कमी ऐकणारे. वडलांच्या वेळी सायकलवरून सकाळचा डबा तेच आणायचे. मी त्यांच्या घरी गेले, मोठ्यानं ओरडून सगळं सांगितलं. शेजारच्या दोन घरांनाही कळलं असणार. आण्णा बराच वेळ गप्प बसले. मग टोपी चढवली आणि माझ्याबरोबर निघाले.

दादापुढं बसून त्यांनी हात पुढं केला. "माळ दे."

दादानं दिली.

"आजपास्नं तुझा नेम मी करणार. तुझ्या अकरा, माझ्या अकरा. माझा दाखला लागला तर महाराजांना मी देतो. तू गोळी घ्यायची अन् बागंत जायाचं. कळलं का?"

"आण्णा, पाप हुईल."

"झालं तर माझ्या नावावर. माझं वय झालंय, मला काय फरक पडत न्हाई."

दादा त्या रात्री आठ तास झोपला. मी बरा झाला म्हणत नाही, झोपला म्हणतेय. आण्णांना कुठल्याही पुस्तकातलं काही माहीत नव्हतं. मान्रेसातल्या त्या कन्फेसरनं जे केलं तेच त्यांनी सायकलच्या क्लिपा पँटला लावलेल्या असताना केलं. आणि हे बाहेरचा माणूस करू शकला नसता. मी हजार वेळा "दादा, काही होत नाही रे" म्हटलं होतं. मी नेम सोडलेली बहीण, माझ्या शब्दाला किंमत काय?

मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. दुकान चालू ठेवणं भाग होतं, पण संध्याकाळी घरी येऊन करायचं काय? मी वाचायला बसले. तेव्हा मला दोन समाज सापडले.

पहिला हटराइट. ख्रिश्चनच, पण अगदी वेगळा पंथ. सोळाव्या शतकातला, अमेरिकेच्या डकोटा-मोंटानापासून कॅनडापर्यंत वसाहती करून राहणारा. जमीन सामाईक, जेवण सामाईक, कपडे ठरलेले, रेडिओसुद्धा वर्ज्य. बाहेरच्या लोकांचा समज असा की इतक्या शांत, एकमेकांना धरून राहणाऱ्या माणसांना वेड लागतच नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ ईटन हे समाजशास्त्रज्ञ आणि रॉबर्ट वाइल हे मानसोपचारतज्ज्ञ तिथं गेले आणि त्यांनी ८,५४२ माणसांची पाहणी केली. आजार होताच. दर ४३ माणसांमागं एकाला मनाचा आजार होता किंवा होऊन गेलेला होता. पण त्याचं रूप वेगळं होतं. गंभीर आजाराच्या ५३ जणांपैकी ३९ जण मॅनिक-डिप्रेसिव्ह (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी) या तेव्हाच्या वर्गातले, आणि त्यांच्यात उदासी, अपराधीपणाच जास्त. स्किझोफ्रेनियाचे फक्त ९. मारामारी, जाळपोळ जवळजवळ नाही. राग बाहेर काढायला बंदी, मग तो आत वळायचा. "मी पापी आहे" म्हणत माणूस बसून राहायचा.

त्यांच्या भाषेत त्याला शब्द होता, आनफेख्टुंग. सैतानानं घेतलेली परीक्षा. इथंपर्यंत आमच्या काकांचंच वाक्य. पण पुढं फरक आहे. ही परीक्षा चांगल्या माणसांचीच होते असं ते मानत, म्हणून आजाऱ्याला लाज नव्हती. त्याच्याजवळ घरातलं माणूस बसायचं, त्याला झेपेल ते काम द्यायचे, हवापालट म्हणून दुसऱ्या वसाहतीत पाठवायचे. बरा झाल्यावर त्याच्या पाठीमागं कोणी बोलायचं नाही. म्हणजे नेम तितकेच कडक, किंबहुना जास्तच. फक्त त्यांच्या फळ्यावरच्या यादीत मनाचं दुखणंही होतं.

दुसरा समाज आमिश. हेही ख्रिश्चनच, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातले, घोडागाडीवाले. त्यांच्यात जॅनिस इगलँड यांनी १९७६ पासून अभ्यास केला. बाकी सगळीकडं डिप्रेशन बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतं. आमिशांमध्ये मात्र दोघांत सारखंच निघालं. एक कारण असं मांडलं गेलं की आमिशांमध्ये दारू आणि गुन्हेगारी नावापुरतीच. इतरत्र पुरुषाची उदासी बाटलीमागं लपून जाते आणि दारुडा म्हणून मोजली जाते. इथं तिला लपायला जागाच नव्हती.

हे वाचलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवून बराच वेळ पंख्याकडं बघत बसले. त्या पावसात आमच्या गावातल्या कितीतरी बागा गेल्या. कितीजण गुत्त्यावर जाऊन बसले ते मी स्वतः बघितलंय, लिव्हरच्या गोळ्या मीच देते त्यांना. दादा माळकरी. दारू नाही, तंबाखू नाही, शिवी नाही, बायकोवर आवाज चढवणं नाही. त्याच्या दुःखाला जायला एकच वाट मोकळी ठेवलेली होती आम्ही, ती म्हणजे माळ. त्यानं ती धरली.

लॉकडाऊननं आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला अजून नीट पचलेली नाही. मंडळ बंद झालं. गुरुवार नाही, हजेरी नाही, "नेम कसा चाललाय" विचारणारं कोणी नाही. दादा त्या चार महिन्यांत झपाट्यानं सुधारला. एप्रिलची खरड छाटणी त्यानं स्वतः उभं राहून करून घेतली. मी मनात म्हटलं, बघा, मंडळच होतं कारण.

आणि त्याच चार महिन्यांत काकू खचल्या. मला डबे भरायला शिकवणाऱ्या काकू, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेल्या, मुलगा दुबईला. त्यांच्या आठवड्यात गुरुवार हा एकच वार होता. तो गेला तशा त्या जेवेनात, केस विंचरेनात. सूनबाईनं व्हिडिओ कॉल लावून दिला तर मोबाइल पालथा घालून बसल्या. ज्या दारातून दादाला मोकळी हवा मिळाली, तेच दार काकूंच्या तोंडावर बंद झालं होतं. कडक पंथ आणि डिप्रेशन यांचा संबंध काय, असं मला कोणी एका वाक्यात विचारलं तर मी दादाचं नाव घेऊ का काकूंचं? केनेथ पार्गामेंट नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय. देव माझ्या सोबत आहे असं मानणारा आजारी माणूस आणि देव मला शिक्षा करतोय असं मानणारा आजारी माणूस, दोघंही धार्मिकच, पण दुसऱ्याचे हाल जास्त होतात. काकूंचा देव सोबत करणारा होता, म्हणून तो भेटेना तेव्हा त्या कोसळल्या. दादाचा देव तपासनीस होता. मंडळ तेच, महाराज तेच.

माझं विचाराल तर मी लग्नानंतर नेम सोडला. भांडून नाही, हळूहळू. आधी लसूण आला, मग गुरुवार गेला. महाराष्ट्रात २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, जात पंचायतीनं वाळीत टाकलं तर तो लागू होतो. मला कोणी वाळीत टाकलं नव्हतं. नुसतं कोणी विचारलं नाही. भंडाऱ्याचा निरोप येईना. रस्त्यात भेटलेल्या गुरुभगिनी हसायच्या, पण थांबायच्या नाहीत. ज्यांच्या मांडीवर वाढले ती दोनशे माणसं एका वर्षात नुसती तोंडओळखीची झाली. पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिने मी रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत रडायचे. त्याला तेव्हा मी "बाळंतपणाचा थकवा" म्हणायचे. मी! औषधवाली!

दसऱ्याला आण्णांनी माळ परत आणून दिली. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतं, जप करायचा असेल तर करा, पण मन हललं तरी मागं यायचं नाही. बोट पुढच्याच मण्यावर. बाद माळ तशीच पुरी करायची आणि उठायचं, बाद म्हणूनच. पहिल्या दिवशी दादा घामानं भिजला होता, वहिनी बाजूला बसून होती. आण्णा म्हणाले, "माझं तर साठ वर्सं मन हलतंय. कुत्रं भुंकलं की मी शिव्याबी देतो मनातल्या मनात." दादा पहिल्यांदा हसला, वर्षभरानं.

आण्णा पुढच्या उन्हाळ्यात गेले, कोविडमध्ये. दादा अजून गोळी घेतो, डोस निम्म्यावर आलाय. मीच पाठवते, कागद न गुंडाळता. काउंटरवर टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी फोनचा, १४४१६ नंबर चिकटवलाय. मंडळाचे लोक तो वाचतात, मोबाइलमध्ये टिपतात आणि खोकल्याचं औषध मागतात.

परवा माहेरी गेले तेव्हा देवघरात डोकावले. पाट तोच, वाटी तीच. वाटीत सात चिंचोके.

"चार कुठं गेले रे?"

"पोरांनी नेले चल्लस खेळायला. दोन फोडले, दोन हरवले."

"मग नेम?"

"सात करतो," दादा म्हणाला, बूट घालता घालता. बागेत माणसं येऊन थांबली होती. "चिंचोके तेवढंच हायत."